चार मिनिटांची नाव

सकाळी अकराच्या सुमाराला आमची टेस्टर माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, नाव पोचली." मी मान वर केली. "म्हणजे?" "म्हणजे मी खेळात दक्षिण बेटावर नावेत बसले आणि लगेच उत्तर बेटाच्या धक्क्यावर उभी. मधे समुद्रच नाही." ती खुशीत होती. चूक सापडली की टेस्टर लोकांना परीक्षेत पहिलं आल्यासारखा आनंद होतो, आणि एरवी मलाही होतो, कारण आम्हाला सापडलेली चूक गिऱ्हाइकाला सापडत नाही. आज मात्र झाला नाही. मी तिच्या टेबलाशी गेलो. तिने पुन्हा करून दाखवलं. खांद्याला पिशवी लावलेला टपालवाला लाकडी धक्क्यावरून चालत आला, त्याने नावेत पाय ठेवला, आणि पापणी लवायच्या आत तो दुसऱ्या धक्क्यावर पिशवी सावरत उभा होता. "चार मिनिटं दहा सेकंद," मी म्हणालो. "काय?" "इथे पूर्वी चार मिनिटं दहा सेकंद लागायची." ती हसली. "बापरे. मग लोक तेवढ्या वेळात करायचे काय?" मी बघतो म्हणालो आणि जागेवर येऊन बसलो.

आमचं ऑफिस सात माणसांचं. टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर, म्हणजे कन्सोलवर, जे खेळ आधी निघतात ते मागाहून कॉम्प्युटरवर चालतील असे करून द्यायचे, हा आमचा धंदा. मागाहून म्हणजे कधी सहा महिन्यांनी, कधी दहा वर्षांनी. कन्सोलवाल्यांचं खेळून झालं, संपवून झालं, त्यावर भांडून झालं आणि विसरूनही झालं, की मग कॉम्प्युटरवाल्यांचा नंबर लागतो. या खेळाला तेवीस वर्षं लागली. बेटाबेटांवर पत्रं वाटत फिरणाऱ्या टपालवाल्याचा हा खेळ. त्यात मारामारी नाही, राक्षस नाही, जिंकणं असं काही नाही. एवढ्या वर्षांत त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मग कुठेतरी चार म्हातारे चाहते जागे झाले, हक्क घेणारी एक कंपनी निघाली आणि सहा महिन्यांपूर्वी काम आमच्याकडे आलं. मीच ते मागून घेतलं. का, ते कुणाला सांगितलं नाही. आमच्या प्रमुखांना आम्ही पाठीमागे 'आटपा' म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथे जाऊन थांबतं. ते नावेची गोष्ट ऐकून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, ही चूक नाही, ही तर सोय झाली. चार मिनिटं धुकं बघत कोण बसतंय आता? लोक दुवा देतील. राहू द्या तशीच. पण खेळ तुमचा आहे, तुम्हाला पटत नसेल तर चारपर्यंत दुरुस्त करा. संध्याकाळी आवृत्ती पाठवायची आहे. आटपा." आणि ते गेले. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना कुठेही थांबलेलं बघवत नाही, लिफ्टमध्येसुद्धा बटण दोनदा दाबतात.

आता चारपर्यंत मला ठरवायचं होतं. ती चार मिनिटं ठेवायची की जाऊ द्यायची. टेस्टरने विचारलं होतं की लोक तेवढ्या वेळात काय करायचे. बाकीच्यांचं मला माहीत नाही. आमच्या घरी त्या वेळात ताई बोलायची.

मामा बोटीवर होता. एका वर्षी लांबच्या फेरीवर जाताना त्याने आपलं कन्सोल आमच्याकडे ठेवलं, "पडून राहिलं तर बिघडेल, पोरांना खेळू दे" म्हणून. मी अकरा वर्षांचा होतो, ताई एकोणीसची. मधल्या खोलीत टीव्ही, त्याच्यासमोर एक चटई, आणि चटईला लागून आईच्या खोलीचं दार. ते दार कायम अर्धं उघडं असे. आईचं डावं अंग गेलं होतं त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. तिला काही हवं असलं की ती उजव्या हाताने चमचा पलंगाच्या दांडीवर वाजवायची. एकदा म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे कूस बदला. हे तिनेच ठरवलं होतं आणि आम्हाला शिकवताना, तोंड नीट हलत नसूनही, ती हसली होती. बाबा बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर इमारतींचे आराखडे काढत बसलेले. ते घरातच असायचे आणि नसायचेही. आईचं सगळं ताई करायची. बारावीनंतर तिचं शिक्षण थांबलं होतं, पण थांबलं असं कुणी म्हणत नसे. 'सध्या घरी असते' असं म्हणत. त्या 'सध्या'ला कुणी तारीख घातली नव्हती. दुपारी आई झोपली की आम्ही दोघं चटईवर बसायचो आणि टपाल वाटायला निघायचो.

खेळातल्या एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचं म्हणजे नाव. नावेत बसलं की सगळीकडे धुकं, वल्ह्यांचा आवाज, आणि बाकी काही नाही. हे धुकं कुणी हौसेने घातलेलं नव्हतं, हे मला या धंद्यात आल्यावर कळलं. पुढचं बेट चकतीवरून वाचून घ्यायला त्या गरीब यंत्राला वेळ लागायचा, आणि तो वेळ झाकायला धुक्याची चादर ओढलेली. उत्तर बेट सगळ्यांत मोठं, म्हणून तिथली फेरी सगळ्यांत लांबलचक. वाचून झालं की धुक्यातून धक्क्यावरची घंटा वाजायची आणि नाव लागायची. तोवर आम्ही दोघं टीव्हीकडे तोंड करून शेजारी शेजारी बसलेलो. आमच्या घरात समोरासमोर बसून कुणी कधी मनातलं बोललं असेल असं मला आठवत नाही. समोर बसलं की आम्ही भाजी कशी झालीय ते बोलतो. पण दोघांनीही धुक्याकडे बघायचं असलं की ताईचा आवाज वेगळा व्हायचा, जरा खालच्या पट्टीत जायचा. शाळेतल्या एका मैत्रिणीने तिच्याशी बोलणं का सोडलं, ते तिने मला नावेत सांगितलं. आईला अंघोळ घालताना एकदा तिचा राग राग आला होता आणि मग मोरीत उभं राहून स्वतःच्याच हाताला चिमटे काढले होते, हेही नावेत. मी काय बोलणार? मी हुं म्हणायचो. तिला तेवढं पुरत असावं. मला ती बोलते याचा अभिमान वाटायचा आणि ती केव्हा थांबते, घंटा केव्हा वाजते, अशी घाईही असायची. अकरा वर्षांच्या माणसाला दोन्ही एकदम वाटू शकतं.

मामा परत यायला दोन आठवडे उरले होते तेव्हाची ती दुपार. आम्ही उत्तर बेटाकडे निघालो होतो. वल्ह्यांचा आवाज सुरू झाला आणि ताई म्हणाली, "मला तिकडच्या कॉलेजात घेतलंय. फिजिओथेरपीला." मी हुं म्हटलं. तिकडचं म्हणजे रात्रभराच्या प्रवासावरचं शहर. "बाबांना अजून सांगितलं नाही. आईला सांगितलं. तिने चमचा वाजवला तीनदा. तीनदा म्हणजे काय ते आपण ठरवलेलंच नाही." मग बराच वेळ नुसती वल्ही चालली होती. मग ती म्हणाली, "मी गेले तर तू करशील आईचं? एकट्याने?" आणि घंटा वाजली, नाव धक्क्याला लागली, आणि मी म्हणालो, "थांब ना गं, बेट आलं."

एवढंच. नऊ दिवसांनी ती गेली. बाबा स्टेशनवर आले नाहीत. मी आईची कूस बदलायला शिकलो, पेज गाळायला शिकलो, पाठीला पावडर लावताना कुठे त्वचा लाल झालीय ते बघायला शिकलो. चौदाव्या वर्षी मला वास न घेता श्वास घेता यायचा. आई त्यानंतर अकरा वर्षं होती. ताई सुटीत यायची, पण पाहुणीसारखी. चहा करू का, असं विचारायची. आपल्याच घरात. बाबा तिला 'आलीस का' म्हणायचे आणि आराखड्यात डोकं घालायचे. मी तिच्यावर रागावलो आहे असं तिला वाटतंय हे मला कळत होतं, आणि मी रागावलेलो नाही हे सांगायचं कसं ते कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर थोडासा होतोच. पण त्या रागापेक्षा मोठं असं एक मनात बसलं होतं: तिने विचारलं आणि मी बोललो नाही. हो म्हणालो असतो तर ती हलक्या मनाने गेली असती. नाही म्हणालो असतो तर कदाचित गेलीच नसती. यातलं काहीच न करता मी तिला तशीच लोंबकळत पाठवली. माझी समजूत मी एकाच गोष्टीवर घालत आलो होतो: घंटा वाजली. बेट आलं. त्याला मी काय करणार? यंत्राची वेळ यंत्राच्या हातात.

आमच्यात उरलं होतं ते एकच. मामा कन्सोल घेऊन गेला तेव्हा टपाल अर्धंच वाटून झालं होतं, आणि बाबा पहिल्यांदाच आपणहून काही बोलले होते, "येईल की कॉम्प्युटरवर. थोडं थांब." एका मासिकात शेवटच्या पानावर यादी यायची, कुठला खेळ कॉम्प्युटरवर कधी. आमच्या खेळापुढे 'लवकरच' छापलेलं. ताई तिकडे वाचनालयात तेच मासिक बघायची. रविवारी फोन करायची आणि आधी विचारायची, "आला का रे?" मी म्हणायचो, "लवकरच." मग ती हसायची, मग आईची चौकशी करायची. दोन वर्षं 'लवकरच' होतं. मग एका महिन्यात ती ओळच यादीतून गेली. तरी ताई विचारत राहिली, सवयीने, चार-पाच वर्षं. मग कधीतरी विचारायचं थांबली. नेमकं कधी, ते मी फार वेळा आठवून पाहिलं आहे. त्यानंतर आम्ही जेवलास का, जेवलीस का, एवढ्यावर आलो, आणि अलीकडे तर वाढदिवसापुरते. हे काम मिळाल्यावर तिला फोन करावा असं मला सहा महिने वाटत होतं. पूर्ण झाल्यावर करू म्हणून ठेवून दिलं. अर्धवट गोष्ट सांगून तिला पुन्हा 'लवकरच' म्हणायची माझी तयारी नव्हती.

बारा वाजता मी नावेचा कोड उघडला. जुना कोड वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात भांड्यांचं कपाट उघडण्यासारखं असतं. वाट्या कुठे ते कळतं, पण तिथेच का ते कळत नाही. चूक कशी होतेय ते मात्र पटकन दिसलं. नवीन कॉम्प्युटर उत्तर बेट अर्ध्या सेकंदात वाचून टाकतो, तेव्हा नाव निघते न निघते तोच घंटेची वेळ येते. पण नुसत्या वाचण्याने नाव लागत नव्हती. तिथे दोन अटी होत्या. मी दुसरी ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. पहिली अट, बेट वाचून झालेलं असलं पाहिजे. दुसरी अट, खेळणाऱ्याने हातातल्या रिमोटचं गोल बटण दाबलेलं असलं पाहिजे. नावेत चढायचं बटण तेच, उतरायचंही तेच. टेस्टरचं बोट चढताना बटणावर होतं, ते उचललं जायच्या आतच यंत्राने त्याला उतरणं समजून घेतलं होतं. म्हणून मधे समुद्र नव्हता.

मी खेळ लावला. टपालवाल्याला नावेत बसवलं आणि बटणावरून बोट उचललं. घंटा वाजली. नाव लागली नाही. ती धुक्यात वळली, आणि वल्ही चालू राहिली. मी हात मांडीवर ठेवून बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. थोड्या थोड्या वेळाने घंटा पुन्हा हळूच वाजत होती, या हवं तर, अशी, आणि नाव फिरत होती. ती कितीही फिरली असती. दिवसभर फिरली असती. तेवीस वर्षं मी ज्या घंटेच्या मागे लपलो होतो, ती कुणाला उतरवतच नव्हती. ती फक्त सांगत होती की आता उतरता येईल. कुणीतरी बटण दाबल्याशिवाय त्या दुपारी नाव धक्क्याला लागणं शक्यच नव्हतं. आणि तिथे आम्ही दोघंच होतो, आणि खेळ माझा होता. म्हणजे बहीण बाजूला बसून आयुष्यातला एक प्रश्न विचारत होती, आणि मी तो ऐकला होता, आणि अंगठा दाबला होता. मी उजव्या अंगठ्याकडे बघितलं. आता त्याला त्या बटणाचा उंचवटासुद्धा आठवू लागला. पलीकडून टेस्टरने विचारलं, "सर, अडकली का नाव?" मी म्हणालो, "नाही, ठीक आहे." मला रडू येत होतं आणि ऑफिसात रडायची पद्धत नसते, म्हणून मी फोन घेऊन जिन्यात गेलो.

एक वाजून गेला होता. ताईचे सकाळचे पेशंट संपलेले असतात. ज्यांचं अर्धं अंग गेलंय त्यांना ती दांड्या धरून पुन्हा चालायला शिकवते. गेली अठरा वर्षं हेच करते. "काय रे, बरा आहेस ना?" ती घाबरूनच बोलली, कारण कुणाचाच वाढदिवस नव्हता. मी म्हणालो, "ताई, आला." "कोण आला?" "कॉम्प्युटरवर. टपालवाला." मग तिकडे एक खुर्ची सरकल्याचा आवाज. "चेष्टा करतोस." "नाही. मीच करतोय. सहा महिने झाले. पुढच्या महिन्यात निघेल." "आणि मला आता सांगतोयस? मूर्ख आहेस अगदी!" ती हसायला लागली, ते जुनं, नाकातून येणारं हसू, आणि मला वाटलं आता एवढ्यावर थांबावं, चांगलं चाललंय. पण थांबलो असतो तर पुन्हा तेवीस वर्षं गेली असती. मी तिला दोन अटींचं सांगितलं. बटणाचं सांगितलं. ती दुपार सांगितली. "तू मला विचारलंस आणि मी बटण दाबलं गं. बेट काही आपोआप आलं नव्हतं. मला वाटायचं, आपोआप आलं. मी तुला उत्तर दिलं नाही, मुद्दाम दिलं नाही." जिन्यातून वरच्या मजल्यावरची दोन माणसं डबे घेऊन खाली गेली, मी भिंतीकडे तोंड केलं.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एक सांग. ते बटण दाबायला लागतं हे तुला आज कळलं?"

"हो. आज."

"वर्षभर खेळलास रे. मग वर्षभर कसं नाही कळलं?"

मी मनात हिशोब मांडला. गोल बटणाशिवाय उतरता येत नसेल तर मी ते शेकडो वेळा दाबलं असणार. शेकडो वेळा केलेली गोष्ट अंगठा विसरत नाही, डोकं विसरलं तरी. आणि मघाचा तो उंचवटा, तो मी मघाशीच मनाने बनवलेला होता.

"कारण नावेत रिमोट तुझ्याकडे कधी नसायचाच," ती म्हणाली. "नावेत बसलं की तुला कंटाळा यायचा. बोटं दुखतात म्हणायचास आणि माझ्या मांडीवर टाकायचास. नाव मी चालवायचे. धक्का आला की हिसकावून घ्यायचास, नखं लागायची मला. त्या दिवशीही माझ्याकडेच होता."

"मग..."

"मग काय. घंटा तर केव्हाच वाजली होती. तुला ऐकूही आली नसेल पहिली. मी किती फेऱ्या मारल्या माहितीये? विचारू की नको, विचारू की नको. मग विचारलं. आणि तू मान वळवलीस माझ्याकडे. टीव्हीकडे नाही, माझ्याकडे. तोंड उघडलंस. आणि मी दाबलं."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. तिकडे तिच्या दवाखान्यात कुणीतरी दांड्या धरून चालत असावं, पाय घासत टाकल्याचा आवाज येत होता, आणि ती मधेच फोन बाजूला धरून "गुडघा उचला काका, घासू नका" म्हणाली आणि परत आली. मी विचारलं, "का दाबलंस?"

"तू सांग आधी. काय म्हणणार होतास?"

अकराव्या वर्षी काय म्हणणार होतो हे कुणाला आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. पण मला आठवत होतं. ते कायम आठवत होतं, तोंडात आलेला शब्दसुद्धा, आणि एवढी वर्षं मी त्यालाच दडवून ठेवलं होतं.

"जाऊ नकोस म्हणणार होतो," मी म्हणालो.

"माहितीये," ताई म्हणाली. "ते ऐकलं असतं तर माझं पाऊल उचललं नसतं रे."